मांड्यांच्या नंबराची मध्यस्थी

३ फेब्रुवारी, मंगळवार

अनंत वकील म्हणाले, वच्छलाबाई, जे घडते ते तारीखवार लिहून ठेवत जा, कोर्ट तारखेले मानते. म्हणून ही डायरी. बियाण्याच्या दुकानात फुकट भेटली. वर टरबुजाचा फोटो. मी चौथी पास आहे. पाचवीत बसली होती, पण म्हैस व्याली. तरी अक्षर वकिलापेक्षा बरं आहे.

आज जजसाहेबानं फाईल पाहिली, मले पाहिलं, सत्यभामेले पाहिलं आणि म्हणाले, हे मध्यस्थीत पाठवा. मले हसू आलं. वडनेर भोलजीपासून सोनाळ्यापर्यंत सतरा लग्नं जुळवली मी. मोडली दोनच, तेही पोरांच्या गुणानं. आता मले मध्यस्थी दाखवतात.

संकल्प : एका बैठकीत निकाल. दुसरीले जायचं नाही. बसभाडं वाचलं पायजे.

४ फेब्रुवारी

वकील म्हणाले, हकिकतही लिहा. लिहिते.

मी आणि सत्यभामा बावीस वर्षं लग्नाकार्यात पुरणाचे मांडे करत होतो. मी मांडा हातावर वाढवायची, पार कोपरापर्यंत. ती पऱ्हाटीच्या, कपाशीच्या काड्यांचा जाळ सांभाळायची आणि खापरावरचा मांडा काढायची. खरं काम हातावर वाढवायचं. जाळ काय, कोणालेही लावता येते.

ऑर्डरीचा मोबाईल एकच. सिम माझ्या आधारावर, फोन तिच्या कमरेले. नांदुरा, मलकापूर, खामगाव, सगळ्या केटरिंगवाल्यांकडे तोच नंबर. मागच्या वर्षी तिच्या पोरानं, गोपालनं, कार्डं छापली. ‘सत्यभामाबाईंचे मांडे’. खाली आपला नंबर. मी माझं नाव शोधलं. कार्ड पलटवूनही पाहिलं. मागून कोरं होतं.

मी दावा टाकला. कोर्ट म्हणालं, जैसे थे. निकालापर्यंत नंबर कोणीच वापरायचा नाही. फोन तिच्या वकिलाकडे ठेवायले मी तयार नाही, माझ्या वकिलाकडे ठेवायले ती तयार नाही. शेवटी बंद करून देवीच्या मंदिरातल्या कपाटात ठेवला, पुजाऱ्यानं कुलूप लावलं. त्याले वर्ष झालं. तेव्हापासून मांडे बंद, बोलणं बंद. घर दोन गल्ल्या सोडून आहे.

मले काही वाटत नाही. कंबर सुखात आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली बैठक. मध्यस्थ म्हणजे बाईच निघाली. शारदाताई वकील. चाळिशीची, चष्मा, बोलणं शुद्ध. मले आजी म्हणते. मी म्हटलं, मी वादी आहे. तर म्हणते, हो आजी, तुम्ही वादी. काय सांगावं.

गोल टेबल, पाण्याचा जग, टेबलफॅन. सत्यभामा फॅनकडे तोंड करून बसली. मी जगाकडे.

ताईनं नियम सांगतले. मी निकाल देणार नाही. (मग आली कायले?) इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. एकेकीला वेगळं भेटेन, तेव्हा जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्या बाजूला कळणार नाही. मी मान डोलावली. असं म्हणावंच लागते. मीही सतराच्या सतरा वेळा म्हटलं होतं.

मग चहा मागवला. आता समोरासमोर चहा घेतला म्हणजे बोलणी मान्य, हे शेंबड्या पोरालेही समजते. मी म्हटलं, नको. सत्यभामा म्हणाली, नको. ताई आम्हाले आग्रह करत करत तीनही कप स्वतःच पिऊन बसली.

मी जगाले म्हटलं, काही लोकांले कार्ड छापता येते, पण हात नाही चालत. सत्यभामा फॅनले म्हणाली, काही लोकांचा हात चालते आणि हातापेक्षा तोंड जास्त चालते. ताई म्हणाली, एकमेकींशी बोला. मी म्हटलं, बोलूनच तर राह्यलो.

एका बैठकीत निकाल लागला नाही. ताई नवीन आहे म्हणून.

संकल्प : दुसऱ्या बैठकीत निकाल.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पुष्पांजली, माझी सून, गिरणीतून पीठ आणि बातमी घेऊन आली. गोपाल मायले म्हणाला, अखाजीपर्यंत तुमचं मिटून मांडे सुरू झाले तर ठीक, नाही तर तुले संभाजीनगरले घेऊन जातो. एकटी ठेवत नाही. तिसरा माळा. लिफ्ट आहे म्हणे.

म्हटलं, जाऊ दे. हवापालट होते.

पुष्पांजली म्हणाली, आई, एकदा गेल्या तर परत नाही येणार त्या. घर भाड्यानं देऊन राह्यला गोपाल. म्हटलं, भाडेकरू बरा पाहा म्हणा, गल्लीत घाण नाही पायजे.

दुपारी जेवण गेलं नाही. भेंडी चिकट झाली होती. पुष्पांजलीले भेंडी येतच नाही.

अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, १९ एप्रिलची. पन्नास दिवस म्हणजे पुष्कळ झाले. एका दिवसात लग्न मोडून दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जुळवलेलं आहे मी.

६ मार्च, शुक्रवार

आज ताईनं वेगळं भेटवलं. पहिले मले. सत्यभामा बाहेर बाकड्यावर.

हे नीट लिहिते, कारण इथं माझी चतुराई आहे.

ताई म्हणाली, आजी, मनातलं सांगा, तुम्हाला नक्की काय हवंय? मी पंखा पाहिला, छत पाहिलं. मग म्हटलं, नंबर राहू दे तिच्याकडे. कार्डावर नावही तिचंच राहू दे. माझं टाकलं तर मागून टाका, नाही टाकलं तर नका टाकू. तिनं फक्त संभाजीनगरले नाही जायचं. अखाजीले चुलीपाशी येऊन बस म्हणा.

ताई लिहायची थांबली. म्हणाली, हे मी त्यांना सांगू का?

मी म्हटलं, छे! अजिबात नाही. माझ्या तोंडून निघालं, हे तर बिलकूल सांगू नका.

झालं. ज्याले मध्यस्थी समजते त्याले एवढं पुरे. मुलीचा बाप मध्यस्थाले म्हणते, भाऊ, आम्ही मोटारसायकलही देऊ, पण हे तिकडे सांगू नका बरं. मध्यस्थ चपला घालते ते सरळ मुलाच्या दारी. न सांगता परत आला तर त्याले पुढच्या लग्नात कोणी बोलावत नाही. ‘सांगू नका’ म्हणायचं कारण एवढंच की उद्या फिसकटलं तर आपली मान ताठ राह्यली पायजे. मी म्हटलंच नव्हतं, म्हणता येते.

मग सत्यभामा आत गेली. पाऊण तास. मी बाकड्यावर बसली. ताई बाहेर आली तर डोळे लाल. ऊन लागलं असन.

मी सहज इचारलं, काय म्हणाली? ताई म्हणाली, ते मला सांगता येणार नाही आजी.

समजलं. मध्यस्थ ‘सांगता येत नाही’ म्हणते म्हणजे तिकडून शिव्या आल्या. तोंडावर सांगण्यासारखं असतं तर सांगतलं नसतं का?

बसमध्ये सत्यभामा पुढच्या सीटवर, मी मागच्या. तिच्या डोक्यावरचा पदर दिसत होता. काही वाटलं नाही.

१० मार्च

निरोप नाही.

११ मार्च

निरोप नाही. पुष्पांजली म्हणाली, कोणाची वाट पाहून राह्यल्या? म्हटलं, गॅसवाल्याची.

१४ मार्च, शनिवार

गॅसवाला आला. निरोप नाही.

ठरवलं. तिच्यावाचून काही अडत नाही. जाळ मीच लावणार, मांडा मीच वाढवणार. नवीन खापर आणलं. पुष्पांजली म्हणाली, मी जाळाजवळ बसते. म्हटलं, तुले भेंडी येत नाही.

पहिला मांडा वाढवला, कोपरापर्यंत गेला, सुंदर. मग पाहिलं तर जाळ विझला. हातावर मांडा घेऊन फुंकायले वाकली. मांडा चुलीत.

दुसरा खापरावर टाकला, काढायले तिसरा हात पायजे होता. करपला.

तिसरा बरा झाला. गोविंदानं, माझ्या पोरानं, खाल्ला आणि म्हणाला, माय, हा पराठा कोणता?

गव्हात दोष आहे. ह्या वर्षीचा गहूच चिवट नाही.

२४ मार्च, मंगळवार

तिसरी बैठक. दोघी समोरासमोर. जग तिकडच्या बाजूले ठेवला होता, म्हणून मी टेबलाच्या कोपऱ्याशी बोलली.

म्हटलं, काही लोकांले चांगला निरोप गेला तरी उत्तर द्यायची अक्कल नसते.

सत्यभामा फॅनले म्हणाली, निरोप तर आम्हीही धाडला होता. नाक खाली करून धाडला होता. उत्तर कोणाचं आलं नाही ते देवीले माहीत.

खोटं. निरोप मी धाडला. तिच्याकडून शिव्या आल्या. बाई भर मध्यस्थीत खोटं बोलते आणि तेही फॅनशी.

ताई खुर्चीत पुढे सरकली. दोन्ही हात टेबलावर ठेवले, जसं काही टेबल उडून जाणार. म्हणाली, तुम्ही दोघी परवानगी देत असाल तर वेगळ्या बैठकीतल्या काही गोष्टी मी इथे सांगू का? फक्त हो म्हणा.

मी म्हटलं, काही गरज नाही.

त्याच दमात सत्यभामा म्हणाली, काही गरज नाही.

वर्षभरात दोघींनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

ताई म्हणाली, नीट विचार करा. आजी? मावशी? मी म्हटलं, झाला. सत्यभामा गप्प. ताईनं चष्मा काढला, पुसला, घातला. अनंत वकिलानं घड्याळ पाहिलं. मग कागद निघाला. ‘मध्यस्थी असफल.’ कारण लिहायले त्यात जागाच नाही. सह्या झाल्या. सत्यभामेनं अंगठा दिला. तिले सही येते. मीच शिकवली होती, चुलीतल्या कोळशानं, फरशीवर. मुद्दाम अंगठा दिला.

फाईल परत कोर्टात. जिंकलो असं समजायले हरकत नाही. झुकलो नाही.

२ एप्रिल

नांदुऱ्याहून एक केटरिंगवाला घरी आला. म्हणाला, मावशी, नंबरावर तुम्ही भेटत नाही, पाचशे मांडे पायजे लग्नाले. म्हटलं, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. तो म्हणाला, म्हणजे किती दिवसांनी? म्हटलं, पोराच्या पोराच्या लग्नाले ये.

तो हसला. मीही हसली. मग तो पोळ्यांची ऑर्डर दुसऱ्याले द्यायले गेला.

१० एप्रिल, शुक्रवार

कोर्टाची तारीख होती. पुढची तारीख भेटली. जुलै.

व्हरांड्यात शारदाताई दिसली. मी सोडणार नव्हती. म्हटलं, ताई, राग मानू नका, पण तुमचं हे काम नाही. एवढा सोन्यासारखा निरोप दिला होता, तुम्ही पोचवलाच नाही काय?

ती म्हणाली, आजी, तुम्हीच म्हणाला होतात, अजिबात सांगू नका.

म्हटलं, अहो, सांगू नका म्हणूनच तर सांगतलं! सांगायचं नसतं तर सांगतलं कायले असतं?

ती म्हणाली, अहो, पण मी विचारलं तुम्हाला, स्पष्ट विचारलं.

म्हटलं, एकदा इचारलं. पहिल्यांदा नाहीच म्हणतात. दुसऱ्यांदा गप्प बसतात. तिसऱ्यांदा म्हणतात, तुमची मर्जी. तुमच्या ट्रेनिंगात हे नाही शिकवलं?

ताईचा चेहरा उतरला. भिंतीले टेकली. म्हणाली, अरे देवा. म्हणजे त्यासुद्धा…

आणि तोंडावर हात ठेवला. मग घाईघाईनं म्हणाली, मी काही बोलले नाही हं आजी. मला बोलता येत नाही. पण दोन्ही वकिलांनी अर्ज दिला तर पुन्हा बसता येतं. नाही तर सरळ त्यांच्याकडे जा. आजच जा. कोर्ट काही म्हणणार नाही.

त्यासुद्धा म्हणजे कोण, ते मी इचारलं नाही. कोर्टात पुष्कळ बाया येतात.

बसमध्ये खिडकी भेटली. वडनेरचा स्टॉप मागे राह्यला, समजलं नाही. पुढच्या फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालत आली. पायाले चांगलं असते.

११ एप्रिल, शनिवार

अखाजीले आठ दिवस. तिच्याकडे जायचं ठरवलं. जायचं म्हणजे त्या गल्लीतून जायचं. तिनं हाक मारली तर थांबायचं.

गेली. दार लोटलेलं होतं. आतून भांड्यांचा आवाज. मी खोकलली. दोनदा. आवाज थांबला. बाहेर कोणी आलं नाही. खोकल्याले कोणी बाहेर येते काय, हेही आहे.

परत आली.

१२ एप्रिल, रविवार

आजवर मुलीकडचे सरळ मुलाकडे गेलेले पाहिले नाहीत. मधे माणूस पायजे. मी पुष्पांजलीले म्हटलं, तू जा. मी धाडलं असं सांगू नको. सहज बस, आणि सहज म्हण की आमच्या आईची नंबराले हरकत नाही.

पुष्पांजलीनं हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाली, आई, तुमच्या दोघीच्या मधे एक कोर्ट, दोन वकील, एक देवी आणि एक ताई बसून चुकली. आता मले बसवता? दोन गल्ल्या आहे. पायानं जा, तोंडानं बोला.

सुना आता अशा बोलतात. गोविंदाले सांगतलं तर तो म्हणाला, बरोबर म्हणते ती.

उद्या जाईन. तोंडानं बोलीन. काय बोलायचं ते लिहून घेते :

सत्यभामे, अखाजीले पाचशे मांडे आहेत. (नाही आहेत. पण म्हणायचं.) जाळाले माणूस नाही.

एवढं पुरे. याच्यात झुकणं कुठंच येत नाही.

१३ एप्रिल, सोमवार

सकाळी डोकं दुखलं. दुपारी ऊन. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेले कोणाच्या घरी बोलणी करायले जात नाहीत. उद्या मंगळवार, उद्या नक्की. माझी सगळी चांगली कामं मंगळवारचीच.

१४ एप्रिल, मंगळवार

साडेनऊले निघाली. धुतलेलं लुगडं घातलं. चिठ्ठी ब्लाऊजमधे.

तिच्या दारासमोर गाडी उभी होती. गोपाल मागं दोरी बांधत होता. चार पोते, एक कॉट, एक मिक्सर. सत्यभामा आत बसलेली होती, पुढच्या सीटवर, पोराच्या चपला मांडीवर घेऊन. काऊन ते माहीत नाही.

गोपाल म्हणाला, मावशी, या. अखाजीपर्यंत थांबणार होतो, पण माय म्हणाली, मध्यस्थी तर फिसकटली, आता कायले थांबायचं. चला म्हणाली.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मधे काच होती. गाडीत एसी आहे म्हणे, म्हणून काच बंद.

मी चिठ्ठी काढणार होती. मग गोपालले म्हटलं, दोरी ढिली आहे, कॉट पडन.

त्यानं घट्ट केली. गाडी गेली.

त्या गल्लीत काम होतं म्हणून गेली होती, ते करून घरी आली. काही वाटलं नाही. दुपारी तुरीची डाळ पाखडली. संध्याकाळी पुष्पांजली म्हणाली, आई, हे तर काल पाखडलं होतं.

१६ एप्रिल

लिहिण्यासारखं काही नाही.

१७ एप्रिल

आज पण नाही.

१९ एप्रिल, रविवार. अखाजी.

पोळ्या केल्या. मांडे नाही. गहू चिवट नाही, हे मागे लिहिलंच आहे. आमरस बरा झाला.

दुपारी मनात आलं, नंबराची खात्री करावी. कोर्टाचा जैसे थे आहे. कोणी देवीच्या कपाटातून फोन काढून चालू तर नाही केला? वादीनं लक्ष ठेवलं पायजे. सत्यभामेकडे दुसरा फोन नव्हताच, माझ्याकडेही नाही. मले पाठ असलेला नंबर तोच एक. तिलेही तोच.

पुष्पांजलीचा फोन घेतला. लावला. वाजला!

छाती धडधडली. चोरी पकडली म्हणून.

एका माणसानं उचलला. हिंदीत बोलला. मले वाटलं, तिनं माणूस ठेवला कामाले. मी आवाज बदलून इचारलं, मांडे भेटतील काय?

तो हसला. म्हणाला, अरे अम्मा, फिर मांडे? ये रायपुर है. नंबर चार महीने से मेरा है.

पुष्पांजली बाजूले उभी होती. हळू आवाजात म्हणाली, आई, सहा-सात महिने रिचार्ज नाही मारला तर कंपनी नंबर दुसऱ्याले देऊन टाकते. म्हणजे ज्याच्यासाठी दावा टाकला, तो नंबर दावा चालू असतानाच रायपूरले जाऊन बसला. तारखेवर तारीख, आणि देवीच्या कपाटात रिकामं डबडं.

मी फोन ठेवणार होती. तो म्हणाला, अम्मा, सुबह एक और अम्मा का फोन आया था. मांडे नहीं पूछा उन्होंने. पूछ रही थीं, वच्छला है क्या.

मी पुष्पांजलीकडे पाठ केली.

तो म्हणाला, उनका नंबर आया है मेरे पास. दे दूं आपको?

मी म्हटलं, नको. काही गरज नाही.

तो म्हणाला, ठीक है अम्मा. आणि ठेवला.

मी फोन कानालेच धरून बसली. पुष्पांजली म्हणाली, काय म्हणाला? म्हटलं, काही नाही.

एकदाच इचारलं त्यानं. दुसऱ्यांदा इचारायची रीतच राह्यली नाही कोणाले.